पलटणचा फोटो

खरं सांगायचं तर तिच्याबद्दल फोटोवाल्याला फारच थोडं ठाऊक होतं. बस डेपोत ती चाकं बदलायची, आणि लढाईत दोन वर्षं आघाडीवर मशीनगन चालवून आली होती. गल्ली तिला पलटण म्हणायची. डाव्या गालापासून कानापर्यंत जखमेचा व्रण होता. त्याबद्दल विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही.

सरकारी कचेरीने लढलेल्यांची यादी छापायचं ठरवलं तेव्हा ती स्टुडिओत आली.

"काका, मला धड चहा जमत नाही, आणि कचेरीने माझं नाव स्वयंपाकाच्या बायकांत घातलंय. जखमेचा दाखला अन् फोटो पाठवायचाय. परवा शेवटची तारीख."

त्याने फोटो काढला. मग निगेटिव्ह काचेवर ठेवून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने, तो व्रण भरून टाकला. चाळीस वर्षं लग्नाच्या मुलींच्या तोंडावरचे डाग असेच घालवले होते. लेकीसारखी पोर, तेवढंच आपल्या हातून बरं काम, असं त्याला वाटलं. मोठ्या कौतुकाने फोटो बायकोला दाखवला.

बायकोने चष्मा लावून पाहिलं. "देखणी आहे. कोण ही?"

तो नुसता हसला.

पलटणने पाकीट न उघडताच अर्जासोबत टपालात टाकलं. तीन आठवड्यांनी तिने कचेरीचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. दाखल्यातली जखम फोटोत दिसत नाही, सबब अर्ज नामंजूर. यादी तर छापूनही झाली होती.

"असं कसं झालं, काका?"

पेन्सिल टेबलावर उघडीच पडली होती. त्याने ती हाताखाली झाकली.

"उजेड जास्त पडला असेल."

ती क्षणभर त्याच्या हाताकडे बघत राहिली. "मग दुसरा काढून ठेवा. पुढची यादी निघेल तेव्हा लागेल."

या खेपेला त्याने निगेटिव्हला बोटही लावलं नाही. फोटो न्यायला येईल तेव्हा सगळं सांगून टाकायचं, असं मनाशी घोकून ठेवलं. ती आली. पाकीट तिथेच उघडून तिने फोटो नीट पाहिला आणि परत आत सरकवला. सांगायचं ते राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात तिची दुसऱ्या डेपोत बदली झाली. दुसरी यादी अजून निघालेली नाही.

फोटो नेला त्या दिवशी, निघताना, ती दारात थांबली होती.

"वारा सुटलाय, काका. बाहेरची पाटी आत घेऊ का?"

"असू दे. घेईन मी."

"बरं, येते."