पहिला हात मामांचा

मामा कुठल्याही यंत्राला आधी तळहात लावत नसत. आधी उलटा हात, बोटांची मागची बाजू. हयात वायरमनकीत गेलेली. तळहाताला करंट लागला तर मूठ आवळते आणि सुटत नाही, उलटा हात मात्र झटकला जातो, हे ते खांबावरच्या एका सोबत्याचा जीव गेला तेव्हा शिकले होते. त्या सोबत्याचं नाव त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर मंगरूळपीरच्या घरी, पडवीत, ते लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर उघडून बसत. दोन मेलेल्यांतून एक जिता करायचा आणि ज्या घरचं लेकरू शिकतंय पण ऐपत नाही, तिथे फुकट नेऊन द्यायचा. मी शाळेतली बाई, सुट्टीत त्यांची हरकामी. "बाई, तुमाले येक स्क्रू गवसत नाई, पोरायले गणित कसं शिकवता?" असं चारचौघांत म्हणत. राग यायचा, तरी दुसऱ्या दिवशी जायचेच.

मशीन द्यायचं त्या घरचा अर्थिंगचा खड्डा पाहिल्याशिवाय ते प्लग लावू देत नसत. जमीन कोरडी असली की गळका करंट खाली जात नाही, मशीनच्या डब्यातच दबा धरून बसतो. म्हणून खड्ड्यात मीठ आणि बादलीभर पाणी. ते काम माझं. "करंट नातं पाह्यत नाई, बाई. पाणी टाकलं का?" एवढं विचारून ते बटण दाबत आणि म्हणत, "पयला हात माहा." तोवर घरातल्या कुणाला जवळ फिरकू देत नसत.

आसेगावला गेलो तो मे महिना होता. मुलगी नुकतीच बारावी झालेली. नव्या वस्तूला हात लावायचा म्हणून हात धुऊन आली, ओलेच. तिची आई लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून नुकती कुठे टेकली होती. त्यातलं बादलीभर जमिनीत ओतायचं माझ्या जिवावर आलं. मी तांब्याभर शिंपडलं. वरची माती तेवढी काळी झाली.

"पाणी टाकलं का?"

"टाकलं," मी म्हणाले.

मामांनी बटण दाबलं. मुलगी पुढे सरकली. "थांब माय, पयला हात माहा." त्यांची बोटं डब्याला टेकली आणि मामा मागच्या भिंतीवर आदळले.

वाचले. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची बधिर झाली. मी रडत खरं सांगितलं. मुलीची आई बोलली, "मांगतलं असतं तं देलं असतं ना, बाई. पाणी पुन्हा आनता येते."

महिन्याभराने मामांनी तेच मशीन डाव्या हाताने दुरुस्त करून त्या मुलीला दिलं. मला रागावले नाहीत, तेच मला सोसलं नाही. पुढे प्रत्येक घरी मी बादली ओतली की ते उठत, दुसरी बादली भरून आणत आणि स्वतः ओतत.

मामा गेले त्याला दोन पावसाळे झाले. परवा मी धनजला मशीन घेऊन गेले. बादली ओतली, मग परत जाऊन दुसरी भरून आणली.

"येक टाकली ना, बाई. आता हे कायले?" घरची म्हातारी म्हणाली.

"ही मामांची," मी म्हटलं. लेकराला मागे सारलं, बटण दाबलं आणि उलटा हात पुढे केला.