वखरलेलं वावर

वैमानिक व्हायचं तर आधी ठरलेले तास हवेत काढावे लागतात. ते भरले की मोठा परवाना, आणि परवाना मिळाला की प्रवासी विमानावर नोकरी. एवढं साधं गणित आमच्या सौंसरला कुणाच्या गळी उतरत नव्हतं. बस स्टँडवर भेटेल तो विचारी, "अजून नुसता फिरूनच राहिला का रे?"

नागपूरच्या क्लबाचं विमान जुनं, दुपंखी, बसायची जागा उघडी. माझी वाट ठरलेली होती: छोट्या गाडीच्या रुळावरून सौंसर, तिथून पांढुर्णा, मग मोठ्या गाडीचा रूळ धरून परत. राज्यांची वाटणी नुकतीच झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. म्हणजे मी एका राज्यातून उडून दुसऱ्या राज्यातल्या आमच्या संत्र्यांच्या बागेवरून जाई आणि जेवायला पुन्हा पहिल्या राज्यात. पांढुर्ण्याचे माझे मामा शाळेत मास्तर. त्यांनीसुद्धा गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "वर नाका हाय का रे?"

खरी पंचाईत बाबांची झाली. आमच्याकडे घरचं माणूस दारावरून चहा न घेता गेलं, की भांडण झालं असं लोक धरतात. मी तर डोक्यावरून घरघर करत जात होतो, सगळ्या गावाला ऐकू येईल असा. शेजारी बाबांना हळूच विचारू लागले, "पोराचं काही बिनसलं काय?" आईचं म्हणणं वेगळं होतं. आमच्या जवळच्या जामसांवलीच्या देवळातला मारुती निजलेला आहे. ती म्हणे, "तोही उडून उडून दमला अन् निजला. तू बी उतरत जा."

पण उतरणार कसा? आमचे शिकवणारे साहेब फौजेतले. परवानगीशिवाय दुसरीकडे चाक टेकवलं तर क्लबातून नाव कमी, असा त्यांचा दम होता. नाव गेलं की परवाना गेला, आणि मग मी आहे न् संत्र्याची बाग आहे.

बाबांचा स्वभाव शिव्या देत काम करण्याचा. लहानपणी मी बांधावरच्या चिंचेवर चढलो की "उतर, माकडा!" म्हणून गरजायचे, आणि गरजता गरजताच झाडाखाली कुटाराचा, मऊ भुशाचा ढीग आणून टाकायचे. ते जे करतील त्याला आडवं जाणं घरात कुणाला जमलं नव्हतं.

एका सकाळी वरून पाहतो तर रामाकोन्याच्या वाटेवरचं आमचं वावर काळंभोर वखरलेलं, ढेकूळ नावाला नाही, आणि बांधावर बाबांची दोन पांढरी धोतरं पसरलेली. शेजारी आई पदर हलवत होती. माझ्या लक्षात आलं: मला उतरायला जागा केली होती, आणि शेतकऱ्यानं करावी तशी, पेरणीला करतात तशी भुसभुशीत!

पुढच्या बसनं घरी गेलो आणि तणतणलो. "बाबा, विमानाले सडकेसारखी कडक जागा लागते. इथं चाक रुतन अन् इमान नाकावर उभं राहीन!"

"बरं," बाबा म्हणाले.

पुढच्या फेरीला पाहिलं, तर वखर आणखी खोल लावलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कपाशीची पेरणी झाली, सगळ्यांची वावरं हिरवी झाली, आणि मधोमध आमचा तो काळा चौकोन तसाच. उघाड पडली की बाबा वखर फिरवत. लोक हसत होते. मी वरून तोंडाला येईल ते बोलत होतो, आणि ऐकायला वर कुणी नव्हतं ही बरी गोष्ट होती.

शेवटी तास भरले, परवाना मिळाला. पेढे घेऊन बसनं सौंसरला आलो. बाबांनी पेढा हातात धरून ठेवला.

"आता बी एकटाच उडशील?"

"नाही. मोठ्या इमानात संगं दुसरा राहते. माझ्यापरीस जुना."

"मंग उद्या हरभरा पेरतो," म्हणाले, पेढा तोंडात टाकला आणि बैलांकडे गेले.

मी आईवर उखडलो. "एवढं सांगून बी बाबानं उतराले वावर मऊच ठेवलं! कपाशीचं पीक घालवलं!"

आई कपात चहा ओतत होती. "उतराले कोण म्हणते? धोतरं मी टाकली होती, चहासाठी. वावर तुह्या बाबानं ठेवलं. वरून पडलाच तं पोराले लागू नये म्हणून."

मला हसू आलं. एवढं मोठं आभाळ, दोन दोन राज्यांवर पसरलेलं. पण पडलोच तर मी घरीच येऊन पडणार, याबद्दल बाबांना कधी शंका नव्हती.