धुमसबाईची भिंत

धुमसबाई हे नाव तिला कामावर पडलं. हातात सदा धुमस, म्हणजे माती ठोकायचं जड लोखंडी हत्यार, आणि मनातही सदा काहीतरी धुमसत असायचं. त्यामुळे नाव दोन्ही अंगांनी शोभलं. शहराच्या कडेला ठोकलेल्या मातीची स्वस्त घरं उभी राहत होती. फळ्यांच्या साच्यात वीतभर ओलसर माती टाकायची, ठोकून निम्मी करायची, मग वर पुढचा थर. बांधणाऱ्यांना एकेक घर मिळणार होतं, पण नवरा-बायको दोघांचा होकार हवा होता.

तिचा नवरा शिंपी. एरवी गरीब गाय, पण इथे अडून बसला. लहानपणी मातीची भिंत कोसळून त्याची धाकटी बहीण गेली होती.

"अहो, आपल्या घराची भिंत मी स्वतः ठोकतेय."

"तीही कुणीतरी ठोकलेलीच होती की."

ती डोक्यात राख घालूनच कामावर गेली आणि दिवसभर धपाधप ठोकत राहिली.

त्यांच्याच घराच्या त्या भिंतीच्या फळ्या निघाल्या, तेव्हा नवरा नेमका तिथे आला होता, कायमचा नकार कळवायला. भिंत देखणी होती. कमरेच्या उंचीवरचा एक थर मात्र चांगलाच जाड दिसत होता. रागाच्या भरात तिने एकदम दुप्पट माती ओतली होती. वरून कडक, आतून भुसभुशीत. नख लावताच माती गळायला लागली.

"गिलावा मारू वरून," मुकादम म्हणाला. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

नवरा बघत होता. हाता-तोंडाशी आलेलं घर गेलं, हे तिला कळून चुकलं.

"मला कळलंय ना," ती म्हणाली आणि पहार उचलली. दिवस कलेपर्यंत तिने भिंत पार खालपर्यंत उतरवली. कामाचं वाटोळं झालं म्हणून मुकादम बडबडत निघून गेला. नवरा फळ्यांच्या ढिगावर बसून होता.

मग तो उठला. समोरच्या भिंतीतल्या खिडकीपाशी गेला आणि गळ्यातली टेप काढून चौकटीला लावली.

"काय करताय?"

"पडद्याचं माप घेतोय." टेपवरचा आकडा बघत तो म्हणाला, "आमची भिंत अशी कुणी वेळेवर पाडली असती तर..."

तिला रडू फुटलं. मातीचे हात पदराला पुसून ती टेपचं दुसरं टोक धरायला गेली.