बर्गनचं पाणी

भूगोलाच्या बाई कुणाला पहिल्यांदा भेटल्या की आडनाव, गाव, नवरा काय करतो, यातलं काही विचारत नसत. त्या विचारत, "तुमची नदी कोणती?" मी पुलगावची, म्हणून 'वर्धा' म्हणाले आणि सुटले. मुंबईकरांची मात्र पंचाईत व्हायची. एका डॉक्टरांनी गंमत म्हणून 'मिसिसिपी' सांगितलं, तर बाईंनी त्यांना उगमापासून प्रश्न विचारले.

बाई म्हणजे आमच्या शेजारच्या माधवची आई. कराडला मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. यजमान गेल्यावर, १९८३ साली, त्या टेक्सासमध्ये शुगर लँडला माधवकडे राहायला आल्या. माधव आणि त्याची बायको दोघंही डॉक्टर, त्यामुळे दिवसभर घरात कुणी नसायचं. नातू शाळेतून आला की बाई त्याला खैबरखिंडीबद्दल वगैरे सांगायला घेत. तो 'ओके आजी' म्हणून टीव्ही लावी. मग बाई माझ्याकडे चहाला येत.

काहीही सांगून झालं की त्या शेवटी म्हणत, "पुस्तकात आहे आणि खरं आहे." यावर वाद घालायची सोय नव्हती. मी कधी घातलाही नाही.

माझा नवरा अरविंद समुद्रातल्या तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्याचं आठवडाभर नॉर्वेत बर्गनला काम निघालं आणि मीही बरोबर जायचं ठरवलं. चहा पिताना हे बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मला नेशील का?"

संध्याकाळी माधव आला. "आई, जानेवारीत नॉर्वे? लोक तेव्हा फ्लोरिडाला जातात."

"फ्लोरिडाचं बंदर गोठत नाही, यात बघायचं काय?" बाई म्हणाल्या. "बर्गन इतकं उत्तरेला असून गोठत नाही. उष्ण प्रवाहामुळे. तीस वर्षं शिकवलंय मी."

माधवने ब्लडप्रेशर, हाडं, इन्शुरन्स, सगळं काढून पाहिलं. शेवटी त्यानंच धावपळ करून व्हिसा मिळवला आणि आईला घोट्यापर्यंत येणारा कोट आणला.

बर्गनला सकाळी साडेनऊनंतर कुठे उजाडायचं. बर्फ नव्हताच, पाऊस पडत होता. अरविंद कामाला गेला आणि आम्ही दोघी घडीची छत्री घेऊन निघालो. बंदरावर लाकडी घरांची जुनी रांग होती, तांबडी, पिवळी, त्रिकोणी माथ्यांची. मला ती बघायची होती, डोंगरावर जाणाऱ्या गाडीतही बसायचं होतं. बाई म्हणाल्या, आधी पाणी.

धक्क्याच्या टोकाला दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. मी बाईंचं कोपर घट्ट धरलं. त्यांनी हातमोजा काढला, साडी आणि कोट सावरून वाकल्या आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ ठेवला. बाहेर काढला तेव्हा बोटं लाल झाली होती.

"फार गार आहे गं," त्या तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या.

"पण गोठलेलं नाही ना, बाई?"

"नाही. पण मी उष्ण म्हणून शिकवलं. पोरींच्या डोळ्यांसमोर आंघोळीचं पाणी आलं असेल."

जवळच मासळीबाजार होता. जन्मात मासळी घरात न आणलेल्या बाई एका म्हाताऱ्या विक्रेत्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, हे बंदर कधी गोठतं का? तो 'नाही, नाही' म्हणाला. मग हात पुसत थोडा थांबला. तो लहान असताना एका हिवाळ्यात आतल्या कोपऱ्यात पातळ बर्फ धरला होता म्हणे. तो आणि त्याचा भाऊ त्यावर दगड मारत बसले होते.

बाईंनी त्याचे आभार मानले. कॉफी घ्यायला बसलो तेव्हा म्हणाल्या, "कुसुम तांबट म्हणून मुलगी होती. आठवीत. तिनं भर वर्गात विचारलं, कधीच म्हणजे कधीच नाही का, बाई? तुम्ही बघितलंय? सगळ्या हसल्या. मी तिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभी केली."

"मग?"

"मग काय. मला ती उद्धट वाटली. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं."

त्यांनी त्या लाकडी घरांचं चित्र असलेलं पोस्टकार्ड विकत घेतलं आणि तिथंच लिहिलं: 'कुसुम, तुझा प्रश्न बरोबर होता. बर्गनचं बंदर एकदा थोडंसं गोठलं होतं. तुला बाहेर उभं केलं, ते चुकलं.' कुसुमचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. तिच्या भावाचं कराडला भांड्यांचं दुकान होतं, तिथल्या पत्त्यावर कार्ड टाकलं.

मार्चमध्ये उत्तर आलं. बाई पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या आणि उभ्यानंच वाचू लागल्या. कुसुम इचलकरंजीत होती, दोन मुलगे मोठे झाले होते. तिनं लिहिलं होतं, 'बाई, मला इतक्या वेळा बाहेर उभं केलं गेलं, की कधी कशासाठी ते आठवत नाही.' आणि खाली, 'तिथल्या पाण्याचा रंग कसा होता?'

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कसा होता गं?"

"राखाडी असेल."

"राखाडी आभाळ होतं. पाणी?"

आम्ही अरविंदने संध्याकाळी कामावरून आल्यावर बंदरावर काढलेले फोटो बाहेर काढले. बहुतेकांत बाई होत्या, कोट होता, छत्री होती. पाणी होतं तिथं नुसता काळोख आला होता.

"हिरवट लिहा," मी म्हटलं. "तिला काय कळणार आहे?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प फोटो गोळा करायला लागले. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी लिहिलं, 'कुसुम, माहीत नाही. मी हात घातला, पण नीट पाहिलं नाही.' पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं.

मेमध्ये त्या कराडला परत गेल्या. इथलं रिकामं घर त्यांना सोसेना. निघताना मला म्हणाल्या, "चहाला फार आले तुझ्याकडे." मी काहीतरी औपचारिक बोलले. त्यानंतर वर्षातून एखादं पत्र यायचं. मग मीच उत्तर द्यायला उशीर करू लागले.

चार वर्षांनी एका रविवारी सकाळी माधव आमच्या दारात येऊन उभा राहिला. बाई आदल्या दिवशी गेल्या होत्या. शेवटचे पंधरा दिवस दवाखान्यात त्यांच्याजवळ कुणी बाई राहिली होती आणि तिनंच त्याला फोन केला होता.

"नाव कुसुम म्हणाली," माधव म्हणाला. "आमच्यात कुणी कुसुम नाही. तुला काही माहीत आहे?"

मी त्याला आत घेतलं, बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.