उणे ऐंशीचा शेजार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चहा. तोही एकेका हाताने.

आमचं गाव कळंबजवळ. त्या सकाळी नागपूरच्या एका प्रयोगशाळेतली पोरगी थंड डबा खांद्याला अडकवून आली होती. तिने बायकोच्या डाव्या हातातून रक्त काढलं, मग माझ्या उजव्यातून. कापसाचा बोळा लावला, हात कोपरातून दुमडून दिला आणि म्हणाली, "थोडा वेळ असंच दाबून धरा." थोडा वेळ म्हणजे किती, ते आम्ही विचारलं नाही. ती निघून गेली तरी आम्ही हात दुमडून बसलेलोच. मग चहाची तल्लफ आली. बायकोने उजव्या हाताने गंजात पाणी घेतलं, मी डाव्या हाताने गॅस पेटवला. तिने साखर टाकली, मी पत्ती. गाळायची वेळ आली तेव्हा तिने गंज धरला अन् मी गाळणी. अर्धा चहा ओट्यावर सांडला.

"सरळ धरा ना जी. हालून काहून राह्यले?"

"डावा हात हाय. त्याले सवय नाही."

"उजव्यानं तरी कोणतं मोठं काम केलं आजवर?"

उरलेला अर्धा चहा आम्ही दोघांनी प्यायला. चांगला झाला होता.

हे रक्त काढणं काहून, तर बायकोला सिकलसेल होता. आई अन् बाप, दोघांकडून आलेला. पोरीने आम्हाला चित्र काढून दाखवलं. चांगल्या माणसाच्या रक्तातले दाणे गोल असतात, चकलीच्या सोऱ्यातल्या चकतीसारखे. हिच्या रक्तातले विळ्यासारखे वाकडे. ते नसांत अडकतात, पाणी कमी पडलं की थंडी लागली की जास्तच, मग हाडं दुखतात. चित्र पाहून बायको खूश झाली. "मंग बरोबर हाय," ती म्हणाली, "इळे हाय म्हणूनच मी येवढी धारेची."

माझं रक्त नुसतं शेजारी ठेवून पाहायला पाहिजे होतं. माझा जुना रिपोर्ट पाहून पोरगी म्हणाली, "आजोबा, तुमच्या रक्तात काही नाही."

"त्यायच्यात काहीच नाही," बायको म्हणाली. "मी लग्न झाल्यापासून सांगून राह्यली."

आता गंमत अशी, की तिच्यासारखा दोन्हीकडून आलेला आजार असणारी माणसं बऱ्याचदा लवकर जातात, नाहीतर सारखी दवाखान्यात असतात. ही मात्र म्हातारी झाली. लेकरं झाली, कापूस वेचला, तूर झोडली, माझ्याशी भांडली. वर्षातून एखाद्या वेळी दोनचार दिवस हाडं धरून पडायची, की पुन्हा उभी. नागपूरवाल्यांना तेच शोधायचं होतं. पोरगी खाण्यापिण्याचं, झोपेचं, दुखण्याचं सगळं विचारत होती. शेवटी तिने विचारलं, "आजी, तुम्ही इतकी वर्षं टिकल्या कशा?"

"माझ्यामुळं," मी म्हटलं.

"यायच्याचमुळं," बायको म्हणाली. "मी मेली असती तं यायले भाकर कोणी देल्ली असती? मले मराले फुरसतच नाही भेटली."

पोरीला ते तिच्या कागदावर कुठे मांडावं ते समजेना.

बायकोने रक्त हौसेने दिलं नव्हतं. सुई पाहून तिने तोंड फिरवलं होतं. पण आमची लेक गावातच दिली आहे, अन् तिच्या पोरीलाही हाच आजार आहे, दोन्हीकडून. तिसरीत जाते. आजीसारखं तिचं वर्षातून एकदा दुखत नाही, महिन्याला दुखतं. दुखलं की पाय पोटाशी घेऊन ओरडते. बायको म्हणायची, "माह्या रक्तात काही चांगलं असन तं पाहून घ्या म्हणा. पोरीच्या कामी येईन." एवढ्यासाठी दिलं.

त्याच आठवड्यात ती गेली. दुपारी छातीत दुखतं म्हणाली, दिवस बुडायच्या आत गेली. याच्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

गावात बोलणं सुरू झालं, की रक्त नेलं म्हणून गेली. मी चावडीवर सांगितलं, "अरे बोटभर नळ्या नेल्या. त्याच्यापेक्षा जास्त रक्त आमच्या गोठ्यातले मच्छर पितात अन् ते तं परत फेडतही नाही." माणसं गप्प झाली. पण माझी आकडसासू, म्हणजे बायकोची थोरली बहीण, ती कशाची गप्प होते. ती राजूरला राहते, कोळशाच्या खाणीपाशी. तिचं अन् माझं पहिल्यापासून जमत नाही. बहिणीसाठी तिने एक मास्तर पाहिला होता, अन् मध्ये मी आलो.

दहाव्याला नदीवर गेलो. भाताचा पिंड ठेवला, माणसं मागे सरतात न सरतात तोच कावळा आला, चोच मारून मोकळा. सगळे म्हणाले, समाधानानं गेली, मागं काही अडकलं नाही. मला राग आला. एवढा संसार केला अन् माझ्यात एवढासाही जीव अडकला नाही? निदान कावळ्याला थोडं ताटकळत तरी ठेवायचं!

आकडसासू म्हणाली, "तो कावळा उपाशी व्हता. त्याचं काही खरं नाही. जवाई, माह्या बहिणीची राख नदीत गेली अन् रक्त नागपूरले फ्रिजात पडून हाय. आर्धी इथं, आर्धी तिथं. अशानं बाई सुटन कशी? तुमी जा अन् ते घेऊन या."

"अवो बाई, मोठमोठ्या माणसांचं रक्त तपासाले जाते. ते काय सारे भुतं होऊन फिरून राह्यले?"

"मले मोठ्या माणसांचं नका सांगू. माह्या बहिणीचं सांगा."

माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पण तिचं काहीतरी अजून कुठंतरी जपून ठेवलेलं आहे, हे ऐकल्यापासून माझं घरात मन लागेना. जायला निमित्त पाहिजे होतं, ते आकडसासूने दिलं. तेरवी आटोपल्यावर मी बायकोचा शेतात न्यायचा स्टीलचा डबा घासला, पिशवीत टाकला अन् नागपूरची एसटी धरली.

प्रयोगशाळेच्या फाटकावर गार्ड होता. "कोणाकडे जायचं, काका?"

"माही बायको हाय इथं. न्यायले आलो."

"कोणत्या विभागात आहेत त्या?"

"विभाग ठाऊक नाही. फ्रिजात हाय."

गार्ड खुर्चीवरून उठून उभा राहिला. मला बसवलं, पाणी दिलं, अन् आत जाऊन हळू आवाजात फोन केला. थोड्या वेळाने रक्त न्यायला आलेली तीच पोरगी धावत आली. मला एकट्याला पाहून तिने विचारलं, "आजी कुठे आहेत?" मी सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली. मग मीच तिला पाणी दिलं.

तिने मला मोठ्या मॅडमकडे नेलं. आत जायचं तर चपला काढून पायात निळ्या पिशव्या घालायच्या, अंगात पांढरा झगा, डोक्यावर टोपी. त्या वेषात मला बायकोने पाहिलं असतं तर चार दिवस हसली असती अन् पाचव्या दिवशी साऱ्या गावाला सांगत फिरली असती. आत जिकडे तिकडे मशिनी घरघरत होत्या. पोरं-पोरी मान खाली घालून एवढाएवढासा थेंब इकडून तिकडे करत होती. आमच्याकडे फवाऱ्याचं औषध मोजताना कोणी इतकं जपत नाही.

मॅडमनी फ्रिज दाखवला. कपाटाएवढा. दारावर आकडे चमकत होते. उणे ऐंशी.

"म्हंजे किती थंड?" मी विचारलं.

"आजोबा, शून्याला पाण्याचा बर्फ होतो. हे त्याच्याही खाली ऐंशी."

माझी बायको दसऱ्यापासून स्वेटर घालणारी. मे महिन्यात पंखा लावला की भांडणारी. थंडी लागली की तिची हाडं दुखायला लागत, अन् मग मला रात्रभर वीट तापवून द्यावी लागे.

"मॅडम," मी म्हटलं, "तिले थंडी सोसत नाही. एखादं कमी थंडीचं खोकं नाही का?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कमी थंडीत रक्त खराब होईल. अन् दुखायला इथं हाडं नाहीत, आजोबा. फक्त रक्त आहे."

मग मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून टेबलावर ठेवला अन् सांगितलं की न्यायला आलो आहे. मॅडम डब्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "घरच्या माणसांनी नको म्हटलं तर आम्ही ठेवत नाही. पण डब्यात घालून देता येत नाही. ते आम्ही नष्ट करतो."

"नष्ट म्हंजे?"

"जाळतात."

"एक डाव जाळली ना आमी," मी म्हटलं. "पुन्हा कायले?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"पाहता तरी येईन?"

मॅडमनी जाड हातमोजे घातले अन् एक खोकं काढलं. धूर निघावा तशी वाफ निघाली. आत लहान लहान नळ्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या घराघरांत उभ्या. कोणावरही नाव नाही, नुसते नंबर. त्यातली एक त्यांनी बोटाने दाखवली. तिच्यासारख्या बाईला नुसता नंबर. ती ऐकून घेणारी नव्हती.

"तिच्या बाजूले कोण हाय?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही. कोणाचंच नाव आम्ही बाहेर सांगत नाही."

"नाव नका सांगू. माणूस हाय का बाई, तेवढं सांगा."

मॅडमनी पोरीकडे पाहिलं. पोरीने संगणकात काहीतरी पाहिलं अन् मॅडमच्या कानात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हे मात्र तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुम्हीच आहात, आजोबा. एकाच दिवशी घेतलं होतं ना, म्हणून शेजारी ठेवलं."

मी पाहिलं. दोन्ही नळ्या सारख्याच दिसत होत्या. हिचे विळे अन् माझं काहीच नसलेलं, दोन्हींवर सारखाच पांढरा बर्फ. मग मॅडमनी खोकं परत आत ठेवलं, दार लावलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "पण आमच्या नातीच्या कामी येईन का हे?"

मॅडमनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, "उद्या औषध निघेल असं नाही. वर्षं जातील. अन् एकट्या आजींच्या रक्तावरून नीट कळणारही नाही, की हे नुसतं नशीब होतं की त्यांच्या रक्तातच दुसरं काहीतरी होतं, जे त्यांना सांभाळत होतं. त्यांचं सख्खं भावंड कोणी आहे का? हाच आजार असलेलं, अन् आजींसारखंच टिकलेलं? तसं रक्त मिळालं तर दोघांत सारखं काय ते पाहता येईल."

मी डोक्यावरची टोपी काढली. आकडसासूलाही दोन्हीकडून सिकलसेल आहे. बायकोपेक्षा मोठी, अन् अजून खणखणीत. दवाखान्यातून मिळालेलं आजाराचं कार्ड ती पेटीच्या तळाशी ठेवते, कोणाला दाखवत नाही.

"एक हाय," मी म्हटलं. "पण मॅडम, तिले टोचणारी सुई अजून निघाली नाही."

रात्री गावी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने यवतमाळ, तिथून वणी, तिथून राजूर. आकडसासू ओट्यावरची कोळशाची धूळ झाडत होती. तिकडे ती दिवसातून कितीही वेळा झाडली तरी बसतेच. मला पाहून तिने झाडू खाली ठेवला नाही.

"आणलं?"

"नाही आणलं."

"मंग कायले आले?"

"तुमचं मागाले."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. परत मागितलं तर जाळतात, हे सांगितल्यावर तिचा झाडू थांबला. बाजूला कोण आहे ते सांगितल्यावर तिने तो खाली टाकला.

"म्हंजे मेल्यावरही तिले तुमच्यापासून सुटका नाही!"

"म्हणून तं आलो, बाई. आमच्या लग्नाच्या वरातीत तुमी आमच्या दोघायच्या मधात बसून आल्या व्हत्या."

"ती रडून राह्यली व्हती म्हणून बसली मी."

"मंग आताही बसा. मी बाजूले सरकतो."

"लय आले सरकणारे." तिने पदराने डोळे पुसले अन् पदर काळा झाला. "पोरगी कशी हाय?"

"परवा पुन्हा दुखले पाय. आजी पाहिजे म्हणते."

तिने झाडू उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "मले सुईचं भेव नाही."

"मी कुठं म्हटलं?"

"तुमच्या थोबाडावर दिसून राह्यलं. लावा फोन त्या मॅडमले."

मी लावला. तिने फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

"ऐकून राह्यली का, पोरी? मी त्या जवायाची आकडसासू बोलतो. उद्या नको येऊ, उद्या गुरुवार हाय, माहा उपास असते. उपासाच्या दिवशी मी रक्त देत नाही. शुक्रवारी ये. सुई बारीक आण. अन् नळी बहिणीपाशी ठेवजो, जवायाच्या अंगाले अंग नको लागू देजो माह्यं."

पलीकडून मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आकडसासूने फोन परत दिला अन् आत वळून म्हणाली, "शुक्रवारपावतर थांबता का आता जाता?"

"थांबतो," मी म्हटलं.

ती माझ्यासाठी भात टाकायला गेली. मी ओट्यावर बसून लेकीला फोन लावला. सांगितलं, की मी दोन दिवस इथंच आहे, पोरीला घोट घोट पाणी पाजत जा, अन् थंडीत बाहेर निघू देऊ नको.