पुलावर सांगायचं राहिलं

नऊ वर्षं झाली, रोज पहाटे चारला उठून मी चिकट भात वाफवते आणि रोज मनात म्हणते, बास, उद्यापासून नाही. मग पाचला आई खांद्यावरचं उपरणं सारखं करत दारात येऊन उभी राहते. "पोनसी, भात गार होतोय." झालं! निघावंच लागतं.

आमची आई ओनसी, वय वर्षं ब्याऐंशी. लाओसमधल्या लुआंग प्रबांगच्या जुन्या गावात, विहाराला लागूनच आमचं घर होतं. फ्रेंच साहेबांच्या काळातलं, पिवळ्या भिंतींचं, उंच झडपांच्या खिडक्यांचं. गल्लीतल्या सगळ्यांनी घरं हॉटेलवाल्यांना दिली, तसं आम्हीही दिलं आणि नाम खान नदीच्या पलीकडे राहायला गेलो. भिक्षू राहिले अलीकडे, त्यांना भात घालणारे गेले पलीकडे. असा सगळा आनंद.

सामान हलवलं त्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. आमच्यात मेलेलं माणूस घरातच असतं. घर बदलताना त्याला सोबत बोलवावं लागतं, आणि वाटेत नदी लागली की थोरल्या लेकराने सांगायचं, 'पूल आला, पलीकडे जातोय, चला.' नाही सांगितलं तर ते माघारी फिरतं. थोरली मी. मी टेम्पोत कपाट कवटाळून बसले होते, आरसा फुटू नये म्हणून. आरसा वाचला, बाबा मागे राहिले.

आईला ते संध्याकाळी लक्षात आलं. तोवर घराला परक्यांचं कुलूप लागलं होतं, आणि परक्यापुढे तोंड वेंगाडणं तिच्या रक्तात नाही. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने भाताची टोपली उचलली आणि चालायला लागली. जुन्या घरासमोर गुडघे टेकून भिक्षूंना भात घालायचा आणि पुण्य बाबांच्या नावाने सोडायचं, म्हणजे ते तिथे उपाशी राहणार नाहीत. मग मी घरी कशी झोपणार?

गेल्या महिन्यात हॉटेलात नवा रखवालदार आला. समोर पाहुणे कॅमेरे घेऊन चटयांवर बसलेले. हा आईला म्हणतो, "मावशी, इथे भात विकायला बसायचं नाही."

"विकायला?" आई म्हणाली. "अरे, तू ज्या पायरीवर उभा आहेस ना, ती माझ्या नवऱ्याने बसवलीय. आधी तू उतर!"

पोरगा बिचारा खरंच उतरला. पण आईलाच उठता येईना. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तो, असं धरून उभं केलं. परतताना ती पुलावर तीनदा थांबली. "मला आता होत नाही गं," म्हणाली. "विचार हॉटेलवाल्यांना, आत सोडतात का. घेऊनच येऊ त्यांना."

हॉटेलची व्यवस्थापक दाला आमच्यातलीच निघाली. मी दोन वाक्यं बोलले आणि तिला सगळं समजलं. "त्या खोलीतले, चार नंबरचे पाहुणे दुपारी जाताहेत," ती म्हणाली. "मग या. सावकाश बोला आजोबांशी."

बाबा गेले ती खोली आईने दारातूनच ओळखली. जिथे त्यांचा पलंग होता तिथे आता न्हाणीचा पांढरा टब. "अगं बाई! इथे मोरी केली?" आई म्हणाली आणि मग टबाच्या काठावरच टेकली. "अहो, चला. नऊ वर्षं पाहुण्यांच्या आंघोळी बघत बसलात. मी थकले हो. आता घरी चला."

सगळी वाट ती बोलत होती. इथे खड्डा आहे, तिथे कुत्रं झोपलंय. पुलाशी आल्यावर मात्र माझ्याकडे वळली. "आता तू बोल."

मागे मोटरसायकली खोळंबलेल्या, लोक बघताहेत. "बाबा, पूल आला. पलीकडे जातोय. चला," मी म्हटलं. आई पुलाच्या फळ्यांवरून एका कडेने चालली, दुसरी कडा मोकळी सोडून. घरी आल्यावर तिने त्यांना ताट वाढलं आणि अंधार पडायच्या आत झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी चारला मला सवयीने जाग आली. आई तोंड उघडं टाकून चक्क घोरत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मीही झोपायचं ठरवलं, डोक्यावरून पांघरूण घेतलं. आणि मग आठवलं, शेवटच्या वर्षी बाबा कानांनी ठार बहिरे झाले होते. आई बोलायची ती खणखणीत. पुलावर मी कितीशा आवाजात म्हटलं होतं? लोकांची लाज वाटली म्हणून नुसतं पुटपुटले होते.

उठले. भात वाफवला. आईची झोप मोडू नये म्हणून दार अगदी हळू ओढून घेतलं आणि एकटीच पुलाकडे निघाले.