वहिनी उत्तर द्यायला उभ्या राहिल्या

जुन्नरकर मंडळी, आज दुपारी पिंपरी पेंढारच्या माझ्या वहिनींना सायबर कॅफेत नेलं होतं. दहावीनंतर लग्न झालं आणि त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. परदेशी विद्यापीठांचे शेतीचे रेकॉर्ड केलेले धडे आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, हे मीच त्यांना लई कौतुकानं सांगितलं होतं.

पडद्यावरचे परदेशी सर इंग्रजीत बोलत होते, मी वहिनींना मराठीत सांगत होतो. सरांनी विचारलं, "रोपाची पानं पिवळी का पडतात?" आणि तेवढ्यात नेट अडकलं. सर पडद्यावर तसेच, आमच्याकडं बघत.

वहिनी खुर्चीतून उठल्या, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. "पाणी जास्त झालं आसंल, सर."

मग मला म्हणाल्या, "भाऊजी, सर थांबलेत. इंग्रजीत सांगा की त्यांना."

मी तोंड उघडायच्या आत नेट सुरू झालं, सर पुढचं शिकवायला लागले. वहिनी मात्र उभ्याच.

"त्यांना ऐकू न्हाई का गेलं?"

जगातले मोठमोठे सर आपल्या जुन्नरात फुकट आले, राव. पण "बरोबर, बस खाली" एवढं म्हणायला कुणाला बोलवायचं, सांगा?